पालखीचा फोटो ब्लॅक अँड व्हाइट करायचाय? दोन लेअर लावा

आषाढीच्या आधी पालख्या पुण्यात आल्या की लक्ष्मी रस्त्यावर टाळांच्या जोडीला कॅमेऱ्यांची कटकट सुरू होते. रात्री त्यातले चार फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून ग्रुपवर टाकायची घाई असते. मोबाइलमधलं तयार फिल्टर लावलं की भगवी पताका मागच्या ढगाळ आभाळात गडप होते, आणि डोक्यावरच्या वृंदावनातली तुळस लाल लुगड्याइतकीच राखाडी दिसते.

रंग काढून टाकला की फक्त उजळपणा उरतो, आणि डोळ्यांना अगदी वेगळे वाटणारे दोन रंग उजळपणात सारखे निघू शकतात. फोटोशॉपमध्ये सॅच्युरेशन, म्हणजे रंगाची तीव्रता, थेट उणे १०० केलं तर शुद्ध लाल, शुद्ध हिरवा आणि शुद्ध निळा तिन्ही एकाच मधल्या राखाडीवर येऊन बसतात. म्हणून रंग घालवण्याआधी त्यांच्याकडून काम करून घ्यायचं.

त्यासाठी फोटो रंगीतच काढलेला हवा. कॅमेऱ्यातच मोनोक्रोम लावून जेपेग काढलात, तर पुढचं काहीच करता येणार नाही. फोटोशॉप नसेल तर ब्राउझरमध्ये फुकट चालणारं फोटोपी उघडा, मांडणी जवळपास तीच आहे.

फोटो उघडला की आधी पीएसडी, म्हणजे लेअर जपून ठेवणारी फोटोशॉपची फाइल, म्हणून सेव्ह करा. मग लेअर्सच्या, म्हणजे फोटोवर एकावर एक चढवायच्या थरांच्या, पट्टीत खाली अर्धं काळं, अर्धं पांढरं गोल चिन्ह दिसेल, त्यातून ‘ह्यू/सॅच्युरेशन’ निवडा. स्लायडरला हात लावू नका. फक्त या लेअरचा ब्लेंड मोड (खालच्या फोटोत मिसळायची पद्धत) ‘नॉर्मल’वरून ‘कलर’ करा आणि लेअरला ‘रंगफेर’ असं काहीतरी नाव द्या, नाहीतर पुढे कुठला लेअर कशाचा हे शोधत बसाल.

आता त्याच्या वर आणखी एक ‘ह्यू/सॅच्युरेशन’ लेअर घ्या आणि त्यात सॅच्युरेशन उणे १०० करा. फोटो ब्लॅक अँड व्हाइट झाला, पण अजून बेचव आहे.

खरी गंमत पुढे आहे. खालच्या ‘रंगफेर’वर डबल क्लिक करून ह्यूचा, म्हणजे रंगछटेचा, स्लायडर या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश सरकवा. पताका काळवंडत जाते, मग उजळते, पण आभाळ जागचं हलत नाही. ढगांत मुळात रंगच नाही, तर बदलणार काय? वारकऱ्यांची पांढरी बंडी आणि टोपीही तशीच राहते. पताका ढगांपासून सुटी दिसली की थांबा. त्याच लेअरमधलं सॅच्युरेशन वाढवलं की फरक आणखी ठळक होतो, पण जपून. जेपेगमध्ये फार ताणलं तर सपाट भागात दाणे आणि पट्टे उमटतात.

एक अडचण येतेच. आपल्या कातडीचा रंगही तांबूस-पिवळ्याच अंगाचा, त्यामुळे पताकेबरोबर चेहरेही बदलतात. यासाठी ‘रंगफेर’ला चिकटलेल्या पांढऱ्या मास्कवर क्लिक करा, मऊ कडांचा ब्रश घ्या आणि चेहऱ्यांवरून काळा रंग फिरवा. तेवढ्या भागात रंगफेर लागू होत नाही. चेहऱ्यांसाठी वेगळी छटा हवी असेल तर ‘कलर’ मोडमधला आणखी एक लेअर मधे घाला आणि त्याचा मास्क उलटा रंगवा, म्हणजे सगळा काळा आणि फक्त चेहऱ्यांवर पांढरा. चेहरे उजळ करायचा मोह मात्र आवरा. उन्हापावसात चालून रापलेला माणूस पावडर लावल्यासारखा दिसला, तर फोटो फुकट गेला.

फोटोशॉपमध्ये २००७ पासून, म्हणजे सीएस ३ पासून, ‘ब्लॅक अँड व्हाइट’ नावाचा वेगळा लेअरही आहे. त्यात सहा रंगांचे सहा स्लायडर मिळतात. घाई असेल तर तो वापरा. चेहरा एका तऱ्हेने आणि पताका दुसऱ्या तऱ्हेने हवी असेल, तर मला दोन लेअरचीच पद्धत सोयीची वाटते.

सगळ्यात वर उजेड-अंधारातला फरक वाढवायला एक ‘कर्व्हज’ लेअर घ्या. रेघेचा खालचा भाग किंचित खाली, वरचा किंचित वर ओढा. पांढऱ्या कपड्यांच्या चुण्या दिसेनाशा झाल्या तर परत फिरा. आभाळ भरून आलेलं दाखवायचं असेल तर पन्नास टक्के राखाडी भरलेला नवा लेअर ‘ओव्हरले’ मोडमध्ये घ्या आणि दहा टक्के ओपॅसिटीच्या, म्हणजे अगदी फिकट उमटणाऱ्या, काळ्या ब्रशने ढगांवरून हळूहळू हात फिरवा.

पीएसडी लेअरसकट ठेवून द्या, पाठवायला वेगळा जेपेग काढा. व्हॉट्सॲपवर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर आभाळाची पार वाट लागते. प्रिंट काढणार असाल तर आधी एक छोटी प्रिंट काढून बघा. स्क्रीनवर छान दिसणारा गडद भाग कागदावर बऱ्याचदा नुसता काळा होतो, आणि रंगीत फोटोच्या कागदावर ब्लॅक अँड व्हाइटला कधी हिरवट, कधी जांभळट झाक येते.