गरोदरपणात कोरोना झाला होता? मग बाळाच्या हातापायांकडे असं लक्ष ठेवा

आधी हे सांगते, घाबरू नका. गरोदरपणात कोरोना झालेल्या बहुतेक आयांची बाळं ठणठणीत असतात. पण मोजक्या बाळांना रक्ताच्या गुठळ्या होतात, आणि ते वेळेत कळलं तर उपचार आहेत, म्हणून हे लिहितेय.

तान्ह्या बाळाच्या रक्तात गुठळी रोखणारी प्रोटीन्स मुळातच कमी असतात. त्यात आईच्या अँटीबॉडीज (आजाराशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) वारेतून बाळाकडे येतात आणि क्वचित कधी त्यामुळे बाळाच्या अंगात इन्फ्लमेशन, म्हणजे आतला दाह, भडकतं आणि गुठळ्यांचा धोका वाढतो असं डॉक्टर मानतात, नवजात बाळाच्या अनेक अवयवांना होणाऱ्या या दाहाला एमआयएस-एन म्हणतात. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये अशा २० बाळांची माहिती छापली, त्यातल्या १८ जणांच्या हृदयावर परिणाम झाला होता, २ बाळं गेली. आणि ताप किती जणांना होता? फक्त दोघांना! त्यामुळे अंग गरम नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

बघायचं कधी, तर रोज मालिश-आंघोळीच्या वेळी, बाळ उघडं असतं तेव्हा, चांगल्या उजेडात. दोन्ही हात, दोन्ही पाय शेजारी शेजारी धरून बघा. पहिले एक-दोन दिवस दोन्ही तळवे थोडे निळसर दिसले तर ते बहुतेकदा नॉर्मल असतं, पण एकच हात किंवा पाय गार, पांढरा, निळा-काळा किंवा सुजलेला दिसला तर थांबायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. त्यावर तेल चोळू नका, शेक देऊ नका, प्लीज, आजीने कितीही सांगितलं तरी.

हात-पाय थरथरत असेल तर हळूच धरून बघा, नुसती थरथर धरल्यावर थांबते, झटके थांबत नाहीत. लघवीत रक्त, दूध ओढेनासं होणं, धाप लागणं, उठवूनही न उठणं, यातलं काहीही दिसलं की लगेच १०८ ला फोन करा. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत आहेत, पैशाचा विचार करत घरी बसू नका.

डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की मला अमुक महिन्यात कोरोना झाला होता. रिपोर्ट बाळाच्या फाइलमध्येच लावून ठेवा, कारण बाळाचे डॉक्टर वेगळे असतात, आणि बाळाची टेस्ट निगेटिव्ह आली तरी हे सांगायचंच. बाळ एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असेल, नाळेतून किंवा मोठ्या शिरेत नळी असेल तर ती अजून लागणार आहे का हे रोज विचारा, कारण तान्ह्या बाळांच्या बऱ्याचशा गुठळ्या या नळ्यांपाशीच होतात. सोनोग्राफी, इको (हृदयाची सोनोग्राफी) करून गुठळी सापडते, मग गरज असेल तर वजनानुसार हेपारिन हे गुठळी वाढू न देणारं इंजेक्शन देतात. मोठ्यांची रक्त पातळ करायची गोळी घरी चुरून द्यायचा विचारसुद्धा करू नका.

जन्मल्यावर देतात ते व्हिटॅमिन के चं इंजेक्शन मात्र टाळू नका, त्याने गुठळ्या होतील अशी भीती काहींना वाटते पण ते बाळाला रक्तस्रावापासून वाचवतं. आणि आत्ता कोरोना असला तरी हात धुऊन, मास्क लावून अंगावर पाजायला हरकत नाही.