पाकिटातला दुसरा कागद

"माझं वय एकसष्ट. मला पहिली पाळी कितव्या वर्षी आली, हे तुम्हाला नक्की कशासाठी हवंय?"

फोनवरचे गृहस्थ हसत होते, म्हणून मीही हसले. चुकून बायकांचा फॉर्म गेला असेल, नवा पाठवते म्हटलं आणि विसरून गेले. संध्याकाळपर्यंत तसलेच आणखी तीन फोन आले. चौथ्याला हसू आलं नाही. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात, आरोग्याच्या एका अभ्यासासाठी टपालाने सहभागी जमवायच्या कामावर रुजू होऊन मला जेमतेम चार महिने झाले होते.

आपल्याकडून एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) करायला येणाऱ्यांपैकी काही जण पुढे अशाच कामाला लागतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. कोहॉर्ट (वर्षानुवर्षं पाठपुरावा करायचा लोकांचा गट) म्हणजे काय, नमुना कसा काढतात, हे तुम्हाला येतंच. ते उगाळत नाही.

पहिला धक्का प्रतिसादाचा बसतो. बीएएमएसच्या इंटर्नशिपमध्ये आम्ही आशाताईंबरोबर घरोघरी हिंडायचो. ताईंनी कडी वाजवली की दार उघडायचं, चहा यायचा आणि शेजारची जाऊसुद्धा आपली माहिती लिहून घ्या म्हणायची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सहा लाखांहून जास्त घरं झाली, ती ९८ टक्के प्रतिसादाने. त्या सवयीतून आलेल्या माणसाला इथे रडू येतं. यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य-अभ्यासाने २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वयाच्या लोकांना सुमारे ९२ लाख पत्रं धाडली आणि आले पाच लाख. म्हणजे साडेपाच टक्के. इतक्या नावाजलेल्या अभ्यासाची ही गत, तर तुमच्या पहिल्या खेपेला शंभरातले आठ आले म्हणून झोप उडवून घेऊ नका. मी घेतली होती, काही उपयोग झाला नाही.

मात्र आलेले आठ कोण आहेत, याची झोप जरूर उडू द्या. बायोबँकेत आलेली मंडळी एकूण लोकसंख्येपेक्षा कमी धूम्रपान करणारी, कमी लठ्ठ आणि बऱ्या वस्तीतली निघाली. ज्याला तब्येतीची काळजी आहे तोच पाकीट फोडतो. स्मरणपत्रांचा मारा करून आठाचे बारा करता येतात, पण वाढलेले चारही त्याच वस्तीतले असतील तर तुम्ही फक्त टपालखर्च वाढवलात. "अजून एक खेप सोडा" हे ज्या मार्गदर्शकांचं प्रत्येक दुखण्यावरचं औषध असतं, त्यांनी बहुधा स्वतः एकही पाकीट चिकटवलेलं नसतं.

जुने आकडे दाखवून कोणी लाजवलं तर लाजू नका. १९५१ मध्ये डॉल आणि हिल या संशोधकांनी ब्रिटनमधल्या जवळजवळ साठ हजार डॉक्टरांना धूम्रपानाबद्दल विचारलं आणि दोन तृतीयांशांनी उत्तर दिलं. पण तिथे डॉक्टरच डॉक्टरांना विचारत होते, आणि प्रश्न मुद्दाम मोजकेच ठेवले होते. तुमचा फॉर्म चोवीस पानी आहे आणि तुम्हाला कोणी ओळखत नाही.

आता माझी चूक. ही सावकाश वाचा.

आमच्या पाकिटात दोन गोष्टी होत्या. नाव-पत्ता छापलेलं पत्र, आणि फॉर्म. फॉर्मवर नाव नाही, फक्त बारकोड आणि क्रमांक. पुरुषांचा फॉर्म वेगळा, बायकांचा वेगळा. पत्रं एका फाइलमधून छापली, फॉर्म दुसऱ्या फाइलमधून, दोन्ही एकाच क्रमाने. छापखान्यातलं मशीन एका ट्रेमधून पत्र उचलतं, दुसऱ्यातून फॉर्म, आणि दोन्ही पाकिटात सरकवतं. साधारण तेराशे पाकिटं झाल्यावर दोन फॉर्म एकमेकांना चिकटून एकाच पाकिटात गेले. झालं. तिथून पुढे प्रत्येकाच्या पाकिटात त्याच्या पुढच्या माणसाचा फॉर्म. चार हजारांच्या खेपेत पुढची सगळी पाकिटं एका घराने सरकली.

शेवटी एक फॉर्म कमी पडला. मशीनवरच्या माणसाने सद्भावनेने एक जादा छापून घातला आणि हिशेब जुळवला. चार हजार पत्रं, चार हजार पाकिटं, सगळं बरोबर. तो कमी पडलेला एक कागद हीच धोक्याची घंटा होती, आणि ती त्याने भलेपणाने बंद केली. छापखान्याच्या हिशेबाच्या पत्रकात "जादा छापलेले: १" असं लिहिलेलं होतंसुद्धा. मी ते वाचून सही केली होती.

आता यातली खरी मेख बघा. फोन फक्त त्यांचे आले, ज्यांच्या पुढच्या क्रमांकावर विरुद्ध लिंगाचं माणूस होतं. त्यातही बहुतेकांनी पाकीट सरळ कचऱ्यात टाकलं असणार. पण बाईच्या पुढे बाई, पुरुषाच्या पुढे पुरुष असलेल्यांना काहीच खटकलं नाही. त्यांनी चोवीस पानं मन लावून भरली आणि दुसऱ्याच्या क्रमांकावर परत पाठवली. उद्या हा क्रमांक दवाखान्याच्या नोंदींशी जोडला की एकाची सिगारेट आणि दुसऱ्याचा कॅन्सर. कुठलंही सॉफ्टवेअर हे पकडत नाही, कारण दोन्ही नोंदी आपापल्या जागी निर्दोष असतात.

स्मरणपत्रांची यादीही त्याच क्रमांकांवरून निघणार होती. म्हणजे ज्यांनी इमानदारीत फॉर्म भरला त्यांना "आपलं उत्तर अजून मिळालं नाही" असं पत्र गेलं असतं.

आम्हाला वाचवलं ते संमतीपत्राने. शेवटच्या पानावर सहीखाली स्वतःचं नाव लिहायची जागा होती. आलेले सगळे फॉर्म क्रमांकाने लावून, हाताने लिहिलेलं नाव यादीशी ताडत बसलो. तेराशेच्या आसपासपर्यंत जुळत गेलं, मग एका घराने सरकलं आणि शेवटपर्यंत तसंच. सरकलेले सगळे फॉर्म योग्य माणसाच्या नावावर आणायला तीन आठवडे लागले.

एक कबुली द्यायची राहिली. फोन आल्यावर मी एक दिवस कोणालाच काही बोलले नाही. उद्या आपोआप उलगडा होईल अशी आशा. तसं करू नका. जीडीपीआर या माहिती संरक्षणाच्या कायद्याखाली माहितीची गळती लक्षात आली की कळवायला ७२ तास मिळतात. कळवण्याइतकं गंभीर आहे की नाही हे ठरवणं विद्यापीठाच्या माहिती संरक्षण अधिकाऱ्याचं काम, तुमचं नव्हे. मी रडवेली होऊन त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी शांतपणे एक अर्ज पुढे केला. तो आधीच छापून ठेवलेला होता, यावरून काय ते समजा.

चाचणीसाठी मी यादीत स्वतःचा पत्ता घातला होता बरं का. पहिल्या ओळीत. पाकीट आलं, सगळं जुळलं, मी खूष. पण असली गडबड पहिल्याच ओळीला कशी होईल? आपल्या माणसांचे पत्ते सुरुवातीला, मध्ये दोन-तीन ठिकाणी आणि अगदी शेवटी घाला. पत्र आणि फॉर्म दोन्हींवर क्रमांक छापा. फॉर्ममध्ये जन्मतारीख विचारा, ती यादीशी ताडता येते. जमल्यास फॉर्मवरच पत्ता येईल असा एकच कागद करा. फाडून टाकायची पट्टी ठेवली की नाव सुटतं. आणि छापखान्याला विचारा, कागद चिकटून आले तर मशीन थांबतं का, आणि प्रत्येक पाकिटाचे दोन्ही क्रमांक ते वाचतं का. त्याचे पैसे जास्त पडतात. द्या.

हे सगळं मला आमच्या टपालखोलीतल्या बाईंनी शिकवलं, प्राध्यापकांनी नाही. बाई तीस वर्षं पाकिटं भरत होत्या. ऐकून म्हणाल्या, "मग, जादा कागद कोणी मोजला नाही?" नोकरी लागली की पहिला चहा अशा माणसाबरोबर प्या.

बाकीचं थोडक्यात. फॉर्म लहान ठेवा. परतीच्या पाकिटावर खरं तिकीट चिकटवलेलं असलं तर छापील शिक्क्यापेक्षा जास्त उत्तरं येतात. बक्षीस द्यायचंच तर आधी, पत्राबरोबर. नंतरच्या आश्वासनाला कोणी भुलत नाही. रजिस्टर टपालानेही आकडा वाढतो, पण गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला पाकीट सोडवायला पोस्टात पाठवणं मला पटत नाही. नुसता क्यूआर कोड छापून टपालखर्च वाचवायचा मोह सोडा, सत्तरीच्या पुढची माणसं हवी असतील तर नक्कीच. संमतीआधी रुग्णांची नावं-पत्ते हाताळायचे असतील तर इंग्लंडमध्ये कलम २५१ ची (एनएचएस म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या कायद्यातलं कलम) परवानगी लागते. वेळापत्रकात तिला भरपूर जागा ठेवा. पत्रातला मजकूर बदलला की एथिक्स समितीकडे परत जावं लागू शकतं, म्हणून स्मरणपत्रांचे मसुदे पहिल्याच अर्जात घाला. प्रत्येक खेपेआधी यादी मृत्युनोंदींशी ताडून घ्या, कंटाळा आला तरी.

आणि पत्रावर जिथे माणूस फोन उचलतो असा नंबर द्या. आमच्या प्रकल्पात तो नंबर काढून ईमेल ठेवू, म्हणजे कटकट वाचेल, असं ठरत आलं होतं. एकसष्टीतल्या त्या गृहस्थांकडे ईमेल नव्हता. त्यांचा बरोबर फॉर्म दहा दिवसांनी आला, आणि समासात पेन्सिलने लिहिलं होतं: या वेळचे प्रश्न सोपे आहेत.