सुतारशाळेत यंत्रे चालवताना घ्यायची काळजी आणि किरकोळ जखमांवरील पहिले उपचार

सावंतवाडीत लाकडी खेळणी घडवणाऱ्या घरांपासून हर्णै-मालवणच्या किनाऱ्यावर होड्या दुरुस्त करणाऱ्या शेडांपर्यंत, आणि मागच्या पडवीत एखादे ड्रिल मशीन व ग्राइंडर घेऊन बसणाऱ्या हौशी माणसापर्यंत, कोकणात विजेवर चालणारी हत्यारे आता सगळीकडे पोहोचली आहेत. ती चालवण्याची शिस्त मात्र तितकी पोहोचलेली नाही. यंत्र ज्या कामासाठी बनले आहे त्याच कामाला, गार्ड (पाते किंवा चकती झाकणारे कवच) जागेवर ठेवून वापरले, तर बहुतेक अपघात टळतात. आणि तरीही जखम झालीच, तर पहिल्या दहा मिनिटांत काय केले यावर पुढचे बरेच अवलंबून असते.

सर्वांत आधी मार्बल कटरविषयी लिहिणे भाग आहे, कारण स्वस्त आणि हलका म्हणून त्याला लाकडाचे दातेरी पाते बसवून फळ्या कापण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास रूढ झाली आहे. हे यंत्र लादी आणि दगड कापण्यासाठी आहे. त्याचे पाते मिनिटाला सुमारे १२ ते १३ हजार फेरे घेते, तर लाकडासाठी बनवलेल्या सात इंची सर्क्युलर सॉचे पाते साधारण पाच हजारच घेते. त्याहून महत्त्वाचा फरक गार्डचा आहे. सर्क्युलर सॉचे खालचे गार्ड स्प्रिंगवर असते आणि काप संपताच आपोआप पाते झाकते. मार्बल कटरला ते नसतेच, त्यामुळे स्विच सोडल्यानंतरही उघडे पाते काही क्षण फिरत राहते आणि नेमके त्याच वेळी माणूस यंत्र मांडीजवळ आणतो. ग्राइंडरला लाकडाचे पाते लावणे तर याहूनही वाईट, कारण त्याला खाली टेकण्यासाठी पट्टी नसते आणि दाते लाकडात अडकले की संपूर्ण यंत्र हातातून उसळते. लाकडाला सर्क्युलर सॉ किंवा जिगसॉ (वर-खाली चालणाऱ्या अरुंद पात्याची विजेची करवत) वापरावी. ती नसेल तर हातकरवतीने कापावे. वेळ थोडा जास्त लागतो, पण मांडी शाबूत राहते.

कापताना पाते आवळले जाऊन बसणारा झटका ओळखून घ्यायला हवा. फळीची दोन्ही टोके टेकवून मधोमध कापायला घेतली, तर कापत जाल तशी फळी खाली वाकते, काप वरच्या बाजूने मिटतो, पाते चिमटले जाते आणि यंत्र कापणाऱ्याच्या दिशेने मागे फेकले जाते. म्हणून फळीचा मोठा भाग पक्का टेकवून क्लॅम्पने आवळावा, कापून पडणारा तुकडा मोकळा ठेवावा आणि स्वतः पात्याच्या रेषेत न राहता थोडे बाजूला उभे राहावे. पावसाळ्यात फणसाची किंवा आंब्याची अर्धी ओली फळी कापताना हा धोका वाढतो, कारण ओले लाकूड कापतानाच सरकते आणि पात्याला चिकटते. जुन्या घराचे वासे नि खांब पुन्हा वापरणे ही आपली चांगली सवय आहे, परंतु त्यांत गंजलेले खिळे लाकडाच्या रंगात मिसळून गेलेले असतात. पाते लावण्यापूर्वी लोहचुंबक दोऱ्याला बांधून वाशाच्या चारी बाजूंवरून फिरवावे. जिथे ते ओढ घेते तिथे खडूने खूण करून खिळा आधी काढावा.

ग्राइंडरच्या चकतीवर जास्तीत जास्त फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो, आणि तो यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा जास्तच असला पाहिजे. चार इंची चकतीचा कड ११ हजार फेऱ्यांना ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगाने फिरत असतो, हे लक्षात घेतले की गार्ड काढून मोठी चकती बसवणे किती घातक आहे ते कळते. कापायच्या पातळ चकतीने घासकाम करू नये, कारण आडव्या दाबाने ती तडकते. नवी चकती बसवल्यावर यंत्र आपल्यापासून दूर धरून मिनिटभर मोकळे फिरवावे. चकती, पाते किंवा ड्रिलचा बिट बदलताना स्विच बंद करणे पुरत नाही, प्लग काढून ठेवावा, आणि चकची (बिट पकडणाऱ्या भागाची) चावी चकमध्येच राहिलेली नाही ना हे पाहावे.

डोळ्यांना बाजूंनीही झाकणारा चष्मा हवा. नेहमीचा नंबरचा चष्मा त्याची जागा घेऊ शकत नाही. ग्राइंडरच्या कामाला कानात प्लग आणि लाकूड, जांभा किंवा लादी कापताना नाकातोंडावर नीट बसणारा एन-९५ मास्क घालावा; तोंडाला बांधलेला पंचा बारीक धूळ अडवत नाही. हातमोज्यांविषयी मात्र गैरसमज आहे. फिरते स्टँड-ड्रिल किंवा खराद यांच्याजवळ ते घालू नयेत, कारण कापड गुंडाळले गेले की बोटही ओढले जाते. त्याच कारणाने अंगठी, मनगटातला गंडा किंवा दोरा, लोंबती ओढणी आणि सुटलेल्या बाह्या कामाआधी काढून किंवा आवरून ठेवाव्यात. पायात स्लीपर न घालता बंद बूट घालावेत.

समुद्राजवळच्या दमट, खाऱ्या हवेत वीज विशेष सावधपणे हाताळावी लागते. प्लगच्या पितळी पिनांवर हिरवट थर चढतो, स्विचमध्ये गंज शिरतो, आणि यंत्राच्या आत साचलेला ओला भुसा विजेला बाहेर येण्याची वाट करून देतो. बोर्डावरचा एमसीबी (वीजप्रवाह जास्त झाला की पडणारा स्विच) वायरिंग वाचवतो, माणसाला नाही. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्यावा आणि त्यावरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो की नाही ते पाहावे. तीन पिनी यंत्राची अर्थिंगची पिन मोडून दोन पिनी बोर्डात खुपसणे कायमचे बंद केले पाहिजे. खंडेनवमीला आपण हत्यारे पुसून त्यांची पूजा करतो. तेव्हाच प्रत्येक वायर बोटांनी चाचपून, गार्डचे स्क्रू आवळून आणि गंजलेली पाती बाजूला काढून ठेवली, तर पावसाळ्याने केलेले नुकसान ध्यानात येते. कुणाला शॉक लागून तो यंत्राला चिकटला असेल, तर आधी मेन स्विच बंद करावा आणि मगच त्याला हात लावावा.

आता जखमांकडे वळू. कापले असता स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून घट्ट दाबावी, हात हृदयापेक्षा वर धरावा आणि पूर्ण दहा मिनिटे दाब सोडू नये. थांबले का हे पाहण्यासाठी मध्येच घडी उचलली, तर नुकतीच धरलेली गुठळी सुटते. रक्त थांबल्यावर जखम पिण्याच्या वाहत्या पाण्याने धुवावी, भुसा व माती निघू द्यावी आणि कोरडी पट्टी बांधावी. हळद, चुना, कॉफीची पूड, दगडी पाला यांपैकी काहीही जखमेत भरू नये, कारण ते डॉक्टरांना पुन्हा खरवडून काढावे लागते आणि त्याबरोबर जंतूही आत जातात. दहा मिनिटांनंतरही रक्त वाहत असेल, जखमेच्या कडा उघड्या पडत असतील, बोटाचे टोक बधिर झाले असेल किंवा बोट वाकत नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा; आतला मज्जातंतू किंवा बोट वाकवणारा स्नायूबंध तुटला असला, तरी वरून जखम लहानच दिसू शकते. बोट तुटलेच, तर तुकडा ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी आणि १०८ ला फोन करावा. तुकडा थेट बर्फावर ठेवू नये.

डोळ्यात कण गेला की सोबती काडी किंवा रुमालाचे टोक घेऊन धावतो. त्याला थांबवावे. डोळा न चोळता स्वच्छ पाण्याने धुवावा, आणि तरीही खुपत राहिले तर नेत्रतज्ज्ञाकडे जावे, कारण लोखंडाचा कण बुबुळावर काही तासांत गंजाचे कडे धरतो. पटाशीवर हातोडा मारताना उडालेला कण आत घुसल्याची शंका असेल, तर डोळा धुऊही नये. कागदी पेला उलटा धरून तो झाकावा आणि लगेच निघावे. वेल्डिंगचा झगमगाट पाहिल्यास त्रास सहा-बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, सुरू होतो. होडीच्या फायबरकामातले हार्डनर (राळ घट्ट करणारे रसायन) डोळ्यात गेले, तर किमान १५ ते २० मिनिटे सतत धुवावे आणि तसेच रुग्णालयात जावे.

लाकडाचे कुसळ ज्या कोनात शिरले त्याच कोनात चिमट्याने बाहेर ओढावे. भाजल्यास अंगठी काढून तो भाग २० मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, तेल किंवा बर्फ लावू नये.

धनुर्वाताची लस प्रत्येक ओरखड्याला लागत नाही. मूळ डोस पूर्ण असतील, तर स्वच्छ, लहान जखमेला शेवटच्या डोसपासून दहा वर्षे आणि माती-गंज लागलेल्या जखमेला पाच वर्षे झाली असल्यास ती घ्यावी. म्हणून शेवटच्या डोसची तारीख प्रथमोपचार पेटीच्या झाकणाच्या आत लिहून ठेवावी.

पावसाळ्यातल्या जखमेकडे अधिक लक्ष द्यावे, असे मला कळकळीने सांगायचे आहे. हाताला चीर पडलेली असताना दुसऱ्या दिवशी लावणीला किंवा तुंबलेल्या पाण्यात उतरावे लागते, आणि उंदीर-गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या त्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू जखमेवाटे शरीरात शिरतात. पाणी न शिरणारी पट्टी, गमबूट आणि रबरी हातमोजे घालूनच उतरावे. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणे किंवा डोळे लाल होणे दिसले, तर घरी गोळी घेऊन थांबू नये आणि जखम झाल्याचे व पाण्यात उतरल्याचे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. खाडीचे किंवा समुद्राचे पाणी लागलेली जखम काही तासांत झपाट्याने लाल होऊन सुजू लागली, तर थेट रुग्णालयात जावे. यकृताचा आजार किंवा मधुमेह असणाऱ्यांनी तर अजिबात वेळ घालवू नये.

पेटीत निर्जंतुक गॉज, रोलर बँडेज, पाणी न शिरणाऱ्या पट्ट्या, चिमटा, कात्री, सलाइनची छोटी बाटली आणि रबरी हातमोजे असावेत. ती हवाबंद डब्यात ठेवावी, कारण आपल्या दमट हवेत पट्ट्यांचा चिकटपणा लवकर जातो. मृगाच्या आधी ती एकदा उघडून मुदत संपलेल्या वस्तू बदलाव्यात आणि यंत्रापासून हाताच्या अंतरावर, कुलूप न लावता टांगून ठेवावी.