आठ दुकानं, एक पाया

आमची एजन्सी क्लायंटसाठी ऑनलाइन दुकानं बांधते. त्यांतल्या कराच्या हिशेबातला एक बग, म्हणजे कोडमधली चूक, दुरुस्त करायला मला दोन दिवस लागले. बग साधाच होता. प्रत्येक वस्तूवरचा कर वेगळा राउंड व्हायचा, एकूण रकमेवरचा वेगळा, आणि बिलातल्या ओळींची बेरीज खालच्या आकड्याशी जुळायची नाही. दुरुस्ती चार ओळींची होती. पण तो कोड आठ ऑनलाइन दुकानांत पसरलेला होता आणि आठही ठिकाणी थोडाथोडा बदललेला होता. सात दुकानं नीट झाली. आठवं राहून गेलं, ते क्लायंटच्या हिशेबनिसाने महिनाअखेरीला दाखवून दिलं.

कारण मला माहीत होतं. नवं काम आलं की आम्ही शेवटच्या प्रोजेक्टचं फोल्डर कॉपी करायचो, लोगो आणि रंग बदलायचो आणि त्याला ‘आपला बेस’ म्हणायचो. कॉपी झाल्या क्षणापासून ती दोन दुकानं एकमेकांना ओळखेनाशी व्हायची. त्यानंतर एकाच पायावर दुकानं बांधायची आम्ही जी पद्धत बसवली, ती इथे मांडतोय. चार-पाच माणसांच्या एजन्सीलाही ती झेपते.

आधी ओपन सोर्स पाया, म्हणजे ज्याचा कोड खुला आहे असं दुकानाचं तयार सॉफ्टवेअर, एकच निवडा, फार तर दोन. तुमच्या माणसांना जी भाषा किंवा फ्रेमवर्क (तयार कोडची चौकट) येते तिथूनच निवड सुरू होते; पुढच्या जोड्यांत दुसरं नाव दुकानाच्या सॉफ्टवेअरचं आहे. वर्डप्रेस येत असेल तर वूकॉमर्स, लाराव्हेल येत असेल तर बॅगिस्टो, सिम्फनी असेल तर सिलियस, रेल्स असेल तर सॉलिडस, जँगो असेल तर सॅलिओर, नोड असेल तर मेडुसा. फीचर्सचे तक्ते जुळवत बसण्यात मी पूर्वी आठवडे घालवलेत, आता घालवत नाही. मी तीन गोष्टी बघतो: आवृत्त्या नियमित येतात का, जुनी आवृत्ती बंद होण्याची तारीख आधी कळते का, आणि मूळ कोडला हात न लावता वागणूक बदलता येते का. मॅजेंटो १ या दुकानाच्या सॉफ्टवेअरचा आधार जून २०२० मध्ये संपला. मॅजेंटो २ची रचनाच वेगळी असल्यामुळे थीम आणि एक्स्टेन्शन नव्याने लिहावी लागली. पाया बदलण्याचा खर्च किती असतो, हे त्या काळात ज्यांनी स्थलांतराची कामं केली त्यांना विचारा.

मूळ कोडला हात लावायचा नाही, हा आमच्याकडे सर्वांत कडक नियम आहे. वूकॉमर्समध्ये बदल हुकमधून (आपला कोड जोडायला मूळ कोडने ठेवलेल्या जागा) करायचा आणि दिसणं चाइल्ड थीममधून (मूळ थीमवर बसणारी आपली थीम). डेटाबेसलाही हाच नियम लागू होतो, आणि तो आम्ही उशिरा शिकलो. वूकॉमर्स पूर्वी ऑर्डरी वर्डप्रेसच्या पोस्टच्या टेबलांत ठेवायचं. ऑक्टोबर २०२३ मधल्या ८.२ आवृत्तीपासून नव्या दुकानांत त्यांच्यासाठी स्वतंत्र टेबलं आपोआप वापरली जाऊ लागली. आमचं विक्री अहवालाचं प्लगइन थेट जुन्या टेबलांवर क्वेरी चालवायचं. नव्या दुकानात अहवाल रिकामा आला. दुसरं प्लगइन वूकॉमर्सच्या स्वतःच्या फंक्शनकडून ऑर्डर मागायचं, त्यात एक अक्षरही बदलावं लागलं नाही. डेटा मागायचा तो पुढच्या दाराने.

आता रचना. आमच्याकडे तीन थर आहेत. तळाला ओपन सोर्स कोअर, म्हणजे मूळ कोड, जसंच्या तसं. मध्ये आमची सामाईक पॅकेजेस: पेमेंट, कर, उत्पादनांची आयात, ऑर्डरचे ईमेल, लॉग. प्रत्येकाची वेगळी रिपॉझिटरी (कोड आणि त्याच्या बदलांचा साठा) आणि स्वतःचा आवृत्ती क्रमांक. वर त्या एका दुकानाचं जे असेल ते: थीम, मजकूर, सेटिंग. दुकानाच्या रिपॉझिटरीत सामाईक कोडची कॉपी नसते, पॅकेजेस बसवणाऱ्या कंपोझर या साधनाच्या फाइलीत फक्त नाव आणि आवृत्ती असते, आणि नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी लॉक फाइल कमिट केलेली (रिपॉझिटरीत जतन केलेली) असते. कराचा बग आज सापडला तर मी एका पॅकेजमध्ये २.३.१ काढतो आणि दुकानं ती उचलतात. क्रमांकाची शिस्त मात्र पाळावी लागते: दुरुस्तीला शेवटचा आकडा, नव्या सोयीला मधला, जुनं मोडणार असेल तर पहिला.

मधल्या थरात काय जावं, हा खरा अवघड प्रश्न आहे आणि यात माझं मत पक्कं आहे. एखादी गोष्ट तिसऱ्या दुकानाने मागेपर्यंत ती त्या दुकानाच्याच थरात राहू द्या. सवलतींचं आम्ही उलट केलं होतं. पहिल्याच मागणीवर सगळ्यांसाठी एक सवलत पॅकेज लिहिलं आणि प्रत्येक नव्या क्लायंटबरोबर त्यात एक चेकबॉक्स वाढत गेला. शेवटी कुठला पर्याय कुठल्या पर्यायाला रद्द करतो हे आमच्यातल्या कुणालाच खात्रीने सांगता येईना. ते पॅकेज आम्ही मोडून ज्याचं त्याच्या दुकानात परत पाठवलं. आणखी एक खूण: सामाईक कोडमध्ये क्लायंटचं नाव शोधून बघा. ‘हे दुकान असेल तर असं कर’ अशी ओळ सापडली, तर ती चुकीच्या थरात आहे.

पेमेंट मात्र पहिल्या दिवसापासून सामाईक ठेवा, कारण तिथली चूक पैशाची असते. कार्डाचा तपशील तुमच्या सर्व्हरवरून जाऊच देऊ नका, गेटवेचं, म्हणजे पेमेंट हाताळणाऱ्या कंपनीचं, स्वतःचं पान वापरा. पीसीआय डीएसएस या कार्ड-सुरक्षेच्या मानकाची जबाबदारी त्याने बरीच हलकी होते. गेटवेकडून येणारा वेबहुक (पेमेंटचं काय झालं ते तुमच्या सर्व्हरला कळवणारा संदेश) दोनदा येऊ शकतो, ग्राहक परत दुकानात पोहोचायच्या आधीही येऊ शकतो. म्हणून आधी त्याची सिग्नेचर (तो खरंच गेटवेकडून आल्याची खूण) तपासा, मग घटनेचा आयडी युनिक इंडेक्स असलेल्या, म्हणजे तोच आयडी दुसऱ्यांदा न घेणाऱ्या, टेबलात नोंदवा. नोंद आधीच असेल तर काही न करता यशस्वी उत्तर द्या. किती पैसे घ्यायचे ते सर्व्हरवरच्या ऑर्डरवरून ठरवा, ब्राउझरने पाठवलेल्या आकड्यावरून कधीच नाही. रकमा चलनाच्या सर्वांत लहान एककात, पूर्णांकांत ठेवा. फ्लोटमध्ये (संगणकाच्या दशांश संख्यांत) ०.१ आणि ०.२ची बेरीज ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येते.

नवं दुकान उभं करायला एक स्क्रिप्ट आहे. ती डॉकरमध्ये (सगळीकडे सारखंच चालणारं बंदिस्त वातावरण) कोअर आणि पॅकेजेस बसवते, नमुन्याची उत्पादनं भरते आणि प्लेराइट या ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या साधनाच्या टेस्ट चालवते. त्या टेस्ट मोजक्याच आहेत: कार्टमध्ये टाकणं, संख्या बदलणं, चेकआउट, पेमेंट यशस्वी, पेमेंट फसलेलं, स्टॉक संपलेला, परतावा. फसलेल्या पेमेंटची टेस्ट गाळू नका, ग्राहक तिथेच अडकतो आणि क्लायंटला ते कळतही नाही.

अपडेट सगळीकडे एकदम सोडत नाही. आधी आमचं नमुना दुकान, मग कमी वर्दळीचं एक, दोन दिवसांनी बाकीची. सुरक्षेचा पॅच (दुरुस्ती) नव्या सोयींबरोबर बांधायचा नाही, तो एकटा आणि लगेच जातो. कोअरमध्येच बग सापडला तर दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवा. ते सौजन्य तर आहेच, शिवाय स्वतःचा पॅच प्रत्येक अपडेटला पुन्हा लावत बसण्यापेक्षा कमी कष्टाचं आहे.

लायसन्स करारात लिहा. एमआयटी आणि जीपीएल ही ओपन सोर्सची दोन नेहमीची लायसन्स. एमआयटीत कॉपीराइटची सूचना कायम ठेवावी लागते. जीपीएलखाली दिलेला कोड क्लायंट बदलू शकतो, दुसऱ्या एजन्सीकडे नेऊही शकतो, हे त्याला आपणहून सांगा. आम्ही सांगतो, आणि त्यामुळे कुणी सोडून गेलेलं नाही.

आणि आधीच कॉपी केलेली दुकानं असतील तर? सगळी एकदम सुधारायला घेऊ नका. दोन दुकानांच्या फोल्डरांचा डिफ (ओळीओळींतला फरक) काढा, सर्वांत कमी फरक असलेला भाग निवडा आणि त्याचं पहिलं पॅकेज करा. आमचं पहिलं पॅकेज कराचं होतं. पुढे ज्या दुकानाचं काही काम निघेल, त्या कामाबरोबर तिथला जुना कोड काढून पॅकेज बसवत गेलो. आठवं दुकान सर्वांत शेवटी आलं, अकरा महिन्यांनी.