साध्या सी-१८ कॉलमवर डी आणि एल अमिनो आम्लं वेगळी करणं: मार्फे पद्धत

डी-ल्युसीन आणि एल-ल्युसीन ही एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं. ती साध्या सी-१८ कॉलममधून (१८ कार्बनच्या तेलकट साखळ्या बसवलेली नळी) एकाच वेळी बाहेर पडतात, कारण कॉलमला दोघांत काही फरकच दिसत नाही. कायरल कॉलम (प्रतिबिंबांत फरक करणारा) परवडत नसेल तर १९८४ साली प्रसिद्ध झालेली मार्फे पद्धत वापरावी. तिचा अभिकर्मक म्हणजे १-फ्लुओरो-२,४-डायनायट्रोफेनिल-५-एल-अ‍ॅलानिन अमाइड, थोडक्यात एफडीएए. त्यातला फ्लोरिन निघून जातो आणि त्या जागी अमिनो आम्लाचा नायट्रोजन जोडला जातो. आता रेणूत दोन कायरल केंद्रं (डी की एल हे ठरवणारे कार्बन) झाली, एक अभिकर्मकाचं आणि एक अमिनो आम्लाचं. एल-एल आणि एल-डी ही जोडी एकमेकांचं प्रतिबिंब उरत नाही, म्हणून साधा कॉलमही त्यांना वेगळं करतो.

किती वेगळं करतो, हे साइड चेन (प्रत्येक अमिनो आम्लाचा वेगळा असणारा गट) ठरवते. बेंझिनच्या कड्यावरचे दोन्ही एन-एच शेजारच्या नायट्रो गटांशी हायड्रोजन बंध करतात, त्यामुळे दोन्ही केंद्रांना मोकळेपणी फिरता येत नाही. एल-अमिनो आम्लात त्याची साइड चेन आणि अभिकर्मकाचा मिथाइल गट कड्याच्या विरुद्ध बाजूंना येतात. डी असेल तर एकाच बाजूला. एका बाजूला जमलेले तेलकट गट सी-१८ ला घट्ट चिकटतात. म्हणूनच बहुतेक वेळा आधी एल आणि मग डी बाहेर येतं. व्हॅलिन, ल्युसीन, फेनिलअ‍ॅलानिन यांच्या पीकमध्ये (आलेखातल्या उंचवट्यांमध्ये) ऐसपैस अंतर पडतं, अ‍ॅलानिनमध्ये कमी. सेरीनची साइड चेन लहान आणि ध्रुवीय, म्हणून तिथे ग्रेडियंट (वाहत्या द्रावकाच्या मिश्रणातला बदल) संथ ठेवावाच लागतो. प्रोलीनचा नायट्रोजन वलयात अडकलेला असल्याने जोडणीनंतर त्यावर एन-एच उरत नाही, त्यामुळे त्याच्या बाबतीत नियमावर विसंबू नये, स्टँडर्ड (ओळखीचा शुद्ध नमुना) टाकून पाहावं. ग्लायसिनला कायरल केंद्रच नाही, त्याचा एकच पीक यायला हवा. दोन आले तर अभिकर्मकाची शुद्धता तपासा.

कृती अशी. ५० मिलीमोलर अमिनो आम्लाचं ५० मायक्रोलिटर जलीय द्रावण घ्या. त्यात अ‍ॅसिटोनमधलं १ टक्का एफडीएए १०० मायक्रोलिटर आणि १ मोलर सोडियम बायकार्बोनेट २० मायक्रोलिटर घाला. अभिकर्मक साधारण दीडपट पडतो. गडद रंगाच्या व्हायलमध्ये ४० अंश सेल्सिअसला १ तास ठेवा, अधूनमधून हलवा. गार झाल्यावर २ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल १० मायक्रोलिटर हळूहळू घाला. बुडबुडे येतात, झाकण लगेच घट्ट करू नका. लायसिन आणि टायरोसिनवर अभिकर्मक दोन जागी जोडला जातो, त्यांना तो दुप्पट द्या. हातमोजे हवेतच: हा पदार्थ त्वचेला लागला तर अ‍ॅलर्जी होऊ शकते.

नंतर सौम्य करून, गाळून ४.६ × २५० मिलिमीटरच्या सी-१८ कॉलमवर टाका. मोबाईल फेज (कॉलममधून वाहणारं द्रावक) ५० मिलीमोलर ट्रायइथाइलअमाइन फॉस्फेट, पीएच ३, आणि त्यात अ‍ॅसिटोनायट्राइल १० वरून ४० टक्क्यांपर्यंत, ४५ ते ६० मिनिटांत. प्रवाह मिनिटाला १ मिलिलिटर, तरंगलांबी ३४० नॅनोमीटर. पीएच वर गेला की कार्बोक्झिल गट आयनरूपात जातो आणि पीक लवकर बाहेर येतात. मास स्पेक्ट्रोमीटर जोडला असेल तर फॉस्फेटऐवजी ०.१ टक्का फॉर्मिक आम्ल वापरा.

नमुना पेप्टाइडचा असेल तर सर्वात जास्त घोळ याच्या आधीच होतो. ६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांवर जलविघटन केल्यावर आम्लाचा अंश राहिला, तर तो बायकार्बोनेट खाऊन टाकतो आणि जोडणी अर्धवट राहते. पाणी घालून दोन-तीनदा वाळवा. बायकार्बोनेट घातल्यावर पीएच कागद ८ च्या आसपास दिसलाच पाहिजे. ट्रिस किंवा अमोनियम असलेलं बफर नको, तेही अभिकर्मक ओढून घेतं. जलविघटनात थोडं एल डीमध्ये बदलतं, ट्रिप्टोफॅन नष्ट होतं आणि अ‍ॅस्पॅराजिन अ‍ॅस्पार्टिक आम्लाच्या पीकमध्ये मिसळतं. म्हणून शुद्ध एल नमुनाही त्याच जलविघटनातून न्या आणि त्यात दिसलेलं डी वजा करा.

३४० नॅनोमीटरला उरलेला एफडीएए आणि त्याच्या पाण्याने झालेल्या विघटनातून बनलेला पदार्थही दिसतो. अमिनो आम्ल न घालता एक कोरा नमुना चालवा, नाहीतर नेमका तोच पीक डी म्हणून मोजला जातो. आयसोल्युसीनला दोन कायरल केंद्रं आहेत. एल-आयसोल्युसीन आणि एल-अ‍ॅलो-आयसोल्युसीन सी-१८ वर एकमेकांवर चढतात. इथे ग्रेडियंटशी झटापट करण्यात वेळ घालवू नका, कॉलमच बदला. इतर जवळच्या जोड्यांसाठी अ‍ॅलानिनऐवजी ल्युसिनअमाइडवर बेतलेला अभिकर्मक वापरा. मोठ्या गटामुळे अंतर सहसा वाढतं.

डी स्टँडर्ड मिळत नसेल तरी काम अडत नाही. एल स्टँडर्डला डी-एफडीएए जोडा. हा रेणू एल-एफडीएए जोडलेल्या डी-अमिनो आम्लाचं तंतोतंत प्रतिबिंब असतो, आणि सी-१८ कायरल नसल्याने दोघांचा रिटेन्शन टाइम (कॉलममधून बाहेर पडायची वेळ) एकच येतो. कायरल कॉलमवर मात्र हा हिशेब चालत नाही.