तांब्याचा धंदा आणि टाकीतलं मोरचेल

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. दिवसभर जळक्या कॉइल काढायच्या, नवी तांब्याची तार भरायची, वार्निश मारायचं. संध्याकाळी घरी, मंगळवार पेठेत, तीन फुटी खाऱ्या पाण्याची टाकी आणि तीत फेदर डस्टर, म्हणजे नळीत राहणारा, पिसारा फुलवणारा समुद्री किडा. ह्या दोन गोष्टींचं हाडवैर आहे, हे मला पहिला किडा मेल्यावर कळलं. म्हणून तिथूनच सुरू करतो.

मीठ कालवायच्या पिंपातल्या पंपाला नळी नीट बसत नव्हती. दुकानात पितळी निपल पडलं होतं, ते ठोकलं आणि विसरलो. तीन आठवड्यांनी काचेवरच्या गोगलगायी पटापट खाली पडायला लागल्या. मग किड्यानं पिसारा टाकला, आणि दोन दिवसांत तो आपल्या राहायच्या नळीतून अर्धा बाहेर लोंबकळत होता. निपल काढून बघितलं तर हिरवंगार. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. मासा थोडंफार तांबं सोसतो, पण गोगलगाय, कोळंबी आणि हा किडा यांना ते अगदी कणभरही विषच. शिवाय दगड-वाळू ते शोषून ठेवतात आणि नंतर हळूहळू सोडत बसतात. पाणी चार वेळा बदललं, कार्बन घातला, शेवटी सगळे दगडच काढून टाकले.

तेव्हापासूनचे नियम: पाण्याला लागेल तिथं पितळ नाही, तांबं नाही. दुकानातून आल्यावर कोपरापर्यंत हात धुवायचे, साबणाचा अंश राहू द्यायचा नाही, मग टाकीसाठी वेगळे ठेवलेले हातमोजे. माशांना पांढरे ठिपके आले तर औषध वेगळ्या टबात, कारण त्यातल्या बऱ्याच औषधांत तांबंच असतं. एकदा आई हंड्यातलं पाणी टाकीत ओतायला निघाली होती. अडवलं तर म्हणाली, "अरं, तांब्याचं पाणी तब्येतीला चांगलं असतंय की!" म्हटलं, "तुझ्या तब्येतीला गं, त्याच्या न्हाई."

आई त्याला मोरचेल म्हणते. देवावर ढाळतात ते. नाव चपखल आहे, फक्त हे मोरचेल जिवंत आहे. चामड्यासारख्या मऊ नळीत राहणारा हा समुद्री किडा, गांडुळाचा लांबचा भाऊबंद. बाहेर दिसतो तो फक्त पिसारा. श्वासही त्यानंच आणि खाणंही त्यानंच. पिसांवर बारीक डोळे असतात. त्यांना आकार दिसत नाही, सावली मात्र कळते. टाकीसमोरून कोणी झपकन गेलं की पिसारा गडप. दुकानात घेताना हीच परीक्षा करायची: काचेवरून हात फिरवा. झटक्यात आत गेला तर तब्येत ठीक. सावकाश, कंटाळल्यासारखा गेला तर पैसे खिशातच ठेवा. नळी लवचीक हवी, फाटलेली नको. आणि "पिसारा आत हाय, येतोय बाहेर" असं सांगून नुसती नळी कोणी देत असेल तर घेऊ नका.

कडक, चुन्याच्या नळीतले रंगीत किडेही मिळतात. ते वेगळ्या कुळातले. त्यांना नळी बांधायला पाण्यात कॅल्शियम लागतं, बरेच दगडातच रुतलेले असतात, आणि नवख्या माणसानं त्यांच्या वाटेला जाऊ नये. मी लिहितोय ते मऊ नळीवाल्याबद्दल.

नव्या टाकीत हा किडा घालू नका. किमान सहा महिने टाकी चालू द्या. दगडावर तपकिरी थर येऊन जाऊ दे, बारीकसारीक जीव वाढू देत. पाण्याची घनता १.०२५ च्या आसपास, तापमान २४ ते २७ अंश, पीएच ८.१ ते ८.४, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. माझी टाकी ३६ बाय १८ बाय १८ इंचाची, म्हणजे साधारण १९० लिटर. दगड-वाळू वजा जाता पाणी १६० लिटर धरा. मीठ लिटरला ३५ ग्रॅमच्या जरा वर लागतं. आरओच्या पाण्यात मीठ घालायचं (मिठावर पाणी ओतायचं नाही), रात्रभर पंप फिरवायचा आणि रिफ्रॅक्टोमीटरनं (खारेपणा मोजायचं यंत्र) बघूनच वापरायचं. रत्नागिरीहून कॅन भरून समुद्राचं पाणी आणणारे आहेत. पावसाळ्यात ते करू नका, नद्यांचं गोडं पाणी मिसळून किनाऱ्याचा खारेपणा उतरलेला असतो. आणि तिथून प्रवाळाचा दगड तर अजिबात उचलून आणू नका. प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. कोरडा दगड विकत घ्या, त्यावर सूक्ष्मजीव वसून तो टाकीत आपोआप जिवंत होतो.

पिशवी घरी आली की अर्धा तास टाकीत तरंगू द्या. मग बादलीत ओता, हवेच्या पंपाची नळी गाठ मारून टाकीतून सोडा, सेकंदाला दोन-तीन थेंब. दोन तास तरी लावा. पिशवीतलं पाणी टाकीत जाता कामा नये, आणि किडा पाण्याखालीच भांड्यात घेऊन न्या. हवेत उचलू नका.

बसवायचा कुठं? दगडाच्या फटीत कोंबला तर माझा दर दोन दिवसांनी लोळायचा. आता पाऊण इंची पीव्हीसी पाइपचा चार इंचाचा तुकडा वाळूत उभा पुरतो आणि त्यात नळीचा खालचा भाग सैल सोडून भोवती वाळू भरतो. नळीचा वरचा निम्मा भाग मोकळा. नळी दाबायची नाही, ओढायची तर मुळीच नाही. पुढं किडा स्वतःच तिला चिकटवून घेतो. वेव्हमेकरचा, म्हणजे टाकीत लाटा उठवणाऱ्या पंपाचा, झोत थेट नको. पिसारा वाऱ्यावरच्या उसासारखा डुलला पाहिजे, वादळात सापडल्यासारखा आडवा व्हायला नको. उजेडाचं त्याला काही देणंघेणं नाही.

आता खाणं. लोक चुकतात ते इथंच. टाकी लख्ख, स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) चोवीस तास, पाणी काचेसारखं, आणि किडा चार-सहा महिन्यांत संपतो. दुकानदार सांगतो, "काही घालावं लागत नाही, पाण्यातलंच खातो." खातो हो, पण पाण्यात असेल तर! त्याला तरंगणारं बारीक अन्न लागतं, आणि आपण दिवसभर गाळून तेच काढून टाकतो. उपासमार कशी ओळखायची? पिसारा झडून नवा येतो तो आधीपेक्षा लहान, पुढचा त्याहून लहान. असं दोनदा झालं तर पाणी तपासत बसू नका, जेवण वाढवा.

मी नॅनोक्लोरॉप्सिस नावाचं शेवाळ घरीच वाढवतो. दोन-तीन मायक्रॉनचा जीव. दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या, खारं पाणी, शेवाळाचं खत, हवेची नळी, बाजूला एलईडी ट्यूब. आठ-दहा दिवसांत पालकाच्या सूपासारखं हिरवं होतं. अर्धं काढायचं, अर्ध्यात नवं पाणी आणि खत. काढलेलं फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे टिकतं. रोज एकदा हलवायचं, नाहीतर तळाला बसून सडतं. (फ्रिजमधल्या ह्या बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहा. आमच्याकडं एका पाहुण्यांनी कोथिंबिरीची चटणी समजून वास घेतलाय.)

एक दिवसाआड, रात्री नऊच्या सुमाराला, स्किमर आणि वेव्हमेकर बंद. वीस मिलीची सिरिंज, पुढं हवेची नळी लावलेली. पिसाऱ्यावर थेट मारलं की तो आत पळतो आणि अन्न वाया जातं. चार बोटं लांबून, जरा वरच्या अंगानं, हिरवा ढग सोडायचा आणि तो आपोआप पिसाऱ्यावर उतरू द्यायचा. मग भिंग घेऊन बसा. पिसांवरच्या केसांच्या हालचालीनं कण मधल्या खोबणीत येतात आणि सरकत्या पट्ट्यावर चालल्यासारखे तोंडाकडं जातात. तिथं चाळण होते: बारीक कण पोटात, मधले चिकट रसात कालवून नळीच्या बांधकामाला, मोठे बाहेर. नळीच्या काठावर तो ते थर पिळदार दोरीसारखे चढवत जातो. हे बघताना माझी जेवणं थंड झाली आहेत. वीस-तीस मिनिटांनी पंप परत चालू. इथं मोबाइलला गजर लावा. मी एकदा स्किमर रात्रभर बंद ठेवून झोपलो आहे.

पिसारा गळून पडलेला दिसला की घाबरू नका. दुसरा किडा मुंबईहून रात्रीच्या बसनं आला आणि चौथ्या दिवशी सकाळी पिसारा वाळूत पडलेला, भिजलेल्या वातीसारखा. आई म्हणाली, "गेलं रं मोरचेल." मीही नळी काढायला हात घातला होता. पण नळी भरीव लागत होती आणि वास नव्हता. मेलेला किडा लपत नाही, पाण्याबाहेर काढताच नाक सांगतं. पडलेला पिसारा काढून टाकला, अमोनिया बघितला, नळी होती तशी ठेवली आणि थोडंथोडं शेवाळ घालत राहिलो. सतराव्या दिवशी नळीच्या तोंडाशी फिकट, बुटका ब्रश दिसला. जुन्या मापाला यायला चार महिने गेले. किडा नळी सोडून उघडा पडला असेल तर मात्र प्रकरण गंभीर. जाळीच्या पेटीत, वाळूवर, माशांपासून लांब ठेवा. नवी नळी बांधली तर वाचला.

सोबतीला क्लाउन, गोबी हे मासे चालतात. बटरफ्लाय, मोठे एंजल, ट्रिगर, पफर नकोत, पिसारा म्हणजे त्यांचा चिवडा. माझा हर्मिट खेकडा नळी कुरतडायचा, त्याला मित्राच्या टाकीत धाडला.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा सदतीस-अडतीसला जातो. पाणी गार करणारा चिलर परवडत नसेल तर पाण्यावर तिरका पंखा लावा, दोन-तीन अंश उतरतात. पण पाणी भराभर उडतं आणि मीठ मागं राहतं, म्हणून रोज साधं आरओचं पाणी भरायचं, खारं नव्हे. लाइट गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप हवाच. कालवलेलं खारं पाणी आणि साधं आरओ, दोन्हीचा पन्नास-पन्नास लिटर साठा असू द्या. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात हायवे बंद, नळाला पाणी नाही, तेव्हा ह्याच साठ्यावर टाकी तगली. पूर ओसरल्यावर बुडालेल्या मोटारींची दुकानासमोर रांग लागली, आणि हात धुवायचा नियम तेव्हाइतका कधीच कडक पाळला नाही.

गावाला जायचं असेल तर चार दिवस उपास चालतो. त्याहून जास्त असेल तर शेजाऱ्याच्या हाती बाटली देऊ नका. प्रेमानं सगळी ओततात. सिरिंजा भरून, प्रत्येकीवर वार लिहून फ्रिजच्या दारात उभ्या करा: सोमवार, बुधवार, शुक्रवार. आमच्या शेजारच्या काकू दर वेळी फोन करून विचारतात, "शनिवारची सापडंना रे, कुठं ठेवलियास?"