समुद्री मासा आजारी पडला तर वेगळी टाकी, तीही सोलापूरच्या उन्हात

"ताई, क्लाऊनफिशवर पांढरे दाणे आलेत, कोणतं औषध टाकू?" असा फोन येतो. चार दिवसांनी त्याच घरून आनंदाने सांगतात, दाणे गेले, मासा बरा झाला. तो बरा झालेला नसतो, आणि हे पटवून देण्यातच माझी निम्मी शक्ती जाते.

या पांढऱ्या दाण्यांच्या आजाराला मरीन इच म्हणतात. त्याचा परजीवी माशाच्या कातडीत तीन ते सात दिवस राहतो. मग आपणहून सुटतो, काचेला किंवा दगडाला चिकटून कवच करतो आणि त्यातून शेकडो पिल्लं निघतात. कवच कधी तीन दिवसांत फुटतं, कधी महिना घेतं, क्वचित त्याहूनही जास्त. कातडीतल्या परजीवीवर औषध चालत नाही, कवचावरही नाही. चालतं ते फक्त पाण्यात पोहणाऱ्या पिल्लांवर. म्हणून उपचाराचे दिवस दाण्यांवरून ठरवायचे नाहीत, कॅलेंडरवरून ठरवायचे.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे आधी स्लाईड आणि मग औषध ही सवयच आहे. माशाला ओल्या हाताने धरून कव्हरस्लिप, म्हणजे स्लाईडवर ठेवायची पातळ काच, डोक्याकडून शेपटीकडे अलगद ओढायची आणि चिकटलेला चिकटा टाकीच्याच पाण्याच्या थेंबात ठेवून १०च्या लेन्सखाली बघायचा. इच असेल तर काळपट गोळा जागच्या जागी सावकाश गरगरताना दिसतो. वाटाण्याच्या डाळीसारखे सपाट जीव सरपटत फिरताना दिसले तर ब्रूकलिनेला, हा दुसरा परजीवी. न हलणारे काळसर लांबट गोळे दिसले तर वेल्वेट, हा तिसरा परजीवी आजार, आणि मग घाई करायची. मायक्रोस्कोप नसेल तर लक्षणं बघा. वेल्वेटमध्ये अंगावर पिठी भुरभुरल्यासारखं दिसतं, मासा पंपाच्या धारेसमोर उभा राहून धापा टाकतो आणि दोन-तीन दिवसांत जातो.

उपचाराला वेगळी टाकी ४० लिटरची पुरते. तळाला वाळू नको, दगडही नको, कारण दोन्ही कॉपर, म्हणजे आपलं तांब्याचं औषध, शोषून घेतात. लपायला पीव्हीसीचे एल्बो, एक स्पंज फिल्टर, एअर पंप. हीटर गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या यात्रेच्या, थंडीत लागतो. एप्रिल-मेमध्ये प्रश्न उलटा होतो. बाहेर पारा ४०च्या वर, आणि पाणी २६च्या आसपास ठेवायचं. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी, आणि कल्ल्यांचा आजार असलेल्या माशाला तोच हवा असतो. आपल्याकडची हवा कोरडी आहे, ती कामाला लावा. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला की पाणी दोन-तीन अंशांनी तरी उतरतं. वीज जाते म्हणून बॅटरीवरचा एअर पंप जवळ असू द्या.

पंख्याचं एक पथ्य आहे. पाणी उडून जातं, मीठ आणि औषध मात्र टाकीतच राहतं. ४० लिटरमधलं दोन लिटर उडालं की कॉपर आपोआप पाच टक्क्यांनी चढलं, तुम्ही थेंबही न टाकता. म्हणून काचेवर मार्करने रेघ मारा. रोज सकाळी आधी आरओचं पाणी रेघेपर्यंत भरा, थोडं ढवळू द्या आणि मगच कॉपर मोजा. हा क्रम चुकवू नका. नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा आरओचं दोन कॅन पुढचं भरून ठेवा.

इच आणि वेल्वेटसाठी कॉपर. मी चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रेणूत बांधलेलं, कॉपर पॉवरसारखं वापरते, लिटरला २.२५ ते २.५ मिलिग्रॅम. इच असेल तर दोन-तीन दिवसांत चढवा. वेल्वेट असेल तर एवढी सवड नसते. मोजायला हन्नाचा डिजिटल चेकर घ्या, रंगाच्या पट्टीवर एवढा फरक डोळ्यांना कळत नाही. त्या पातळीला पोचल्यापासून ३० दिवस मोजायचे. मध्ये पातळी घसरली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. डाळिंबाच्या बागेत बोर्डो मिश्रणाला आणलेलं मोरचूद घरात असतं म्हणून ते टाकू नका. ते चिलेटेड नाही, त्याची मात्रा लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्याही खाली असते, आणि शेतीच्या मालाच्या शुद्धतेची खात्री देता येत नाही.

अमोनिया रोज तपासा. तो वाढला तर पाणी बदला, आणि नव्या पाण्यात तेवढंच कॉपर आधी मिसळा. अमोनिया मारणारी प्राइमसारखी द्रावणं कॉपर असताना अजिबात नको, दोन्ही मिळून माशाला विषबाधा होते.

ब्रूकलिनेलाला कॉपर लागू पडत नाही. तिथे ३७ टक्के फॉर्मॅलिन, वेगळ्या बादलीत लिटरला ०.१५ मिली, जोरात हवा सोडून पाऊण तास. बादलीपासून हलायचं नाही. मासा कलंडला की लगेच बाहेर. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. बाटलीच्या तळाशी पांढरा साका दिसला तर ती बाटली बाद, तो साका माशाला फार विषारी असतो. चपट्या कृमींचा संशय असेल तर आरओच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून पीएच जुळवा, तापमान जुळवा आणि पाच मिनिटं बुडवणी द्या. कृमी पांढरे पडून गळतात. मागोमाग प्राझिक्वांटेल हे कृमींवरचं औषध, लिटरला २.५ मिलिग्रॅम, आणि अंडी वाचतात म्हणून आठवड्याने पुन्हा.

इकडे मोठ्या टाकीत कोरल आणि गोगलगायी राहू द्या, तिथे कॉपर कधीही नको, ती सगळी मरतील. मासे मात्र एकही नको, आणि तेही ७६ दिवस. मासाच नसला की पिल्लांना बसायला अंग मिळत नाही आणि ती दोनेक दिवसांत मरतात. घरातल्यांना हे दिवस लांब वाटतात. "एकच डॅमसेल राहिलाय, तो तर ठणठणीत आहे" असं सांगतात, आणि त्याच एका डॅमसेलवर आजार तगून राहतो. त्यालाही बाहेर काढा.

जाळी, नळी आणि टॉवेल दोन्ही टाक्यांचे वेगळे ठेवा आणि कामाला सुरुवात मोठ्या टाकीपासून करा. कॉपरचे दिवस संपल्यावर फिल्टरला कार्बन लावून ते पाण्यातून उतरवा आणि मासा आणखी दोन आठवडे तिथेच ठेवा. तो भरपूर खातोय, श्वास संथ आहे आणि अंग घासत नाही असं दिसलं, आणि मोठ्या टाकीचे ७६ दिवसही भरले, की हलवायला हरकत नाही.